हापूसचा बाजार आणि उशिरा पोचणारी पट्टी

रत्नागिरी-देवगडकडच्या बागायतदारांच्या बैठकीत विषय कुठलाही निघो, बोलणं शेवटी दलालावर येतं. उचल, म्हणजे हंगामाआधी दिलेले पैसे, त्याची, भाव त्याचा, पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, तीही त्याचीच. गाऱ्हाणं खोटं नाही. पण बाजारपेठांवर गेल्या शंभरेक वर्षांत जो अभ्यास झाला तो हापूसशेजारी ठेवून वाचला, तर दलाल हा दुखण्याचा एक भाग ठरतो. मूळ दुखणं असं की या धंद्यात माहिती उशिरा पोचते, आणि जिथे पोचायला हवी तिथे तर पोचतच नाही.

बाजाराचा अभ्यास आपल्याकडे परदेशातून आला असं मानायचं कारण नाही. वऱ्हाडात कापसाच्या बाजारांसाठी १८९७ सालीच कायदा झाला होता. १९२८ साली शेतीविषयक रॉयल कमिशनने नियंत्रित बाजारांची शिफारस केली. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था सुरू झाली आणि तिच्या अगदी सुरुवातीच्या प्रकाशनांत धनंजयराव गाडगीळ आणि व्ही. आर. गाडगीळ यांची पुण्यातल्या फळबाजाराची पाहणी आहे, १९३३ सालची. फळ बागेतून निघून गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत कोणाकोणाच्या हातांतून जातं, हे मंडईत उभं राहून बघायचं, ही कल्पना तेव्हा नवी होती. पुढे १९३९चा मुंबई प्रांताचा कायदा, मग १९६३चा महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा. या सगळ्यामागचा विचार एकच: उघड बोली, बरोबर वजन, लेखी हिशेब.

हापूस या चौकटीत नीट बसला नाही. मुंबईच्या फळबाजारात कापडाखाली बोटं दाबून भाव ठरवायची ‘हत्ता’ पद्धत चालत राहिली. शेजारी उभ्या माणसालाही सौदा कितीला तुटला हे कळू नये, हाच तिचा हेतू. १९९६ साली घाऊक फळबाजार क्रॉफर्ड मार्केटमधून वाशीला गेला. जागा मोठी झाली, गाड्या उभ्या राहू लागल्या. पण माल दलालाकडे पाठवून द्यायचा आणि विकला जाईल त्या भावाची पट्टी येण्याची वाट बघायची, हा क्रम मोडला नाही.

ही पट्टी जवळून बघण्यासारखी असते. चौदा आणे तयार झालेलं फळ झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, उतरवायचं, आकाराप्रमाणे निवडायचं, चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी पेट्या भरायच्या, संध्याकाळी गाडीत चढवायच्या. पहाटे वाशीत माल उतरतो तेव्हा आणखी किती गाड्या आल्या आहेत हे झाडावर चढलेल्या माणसाला ठाऊक नसतं. पट्टीवर मग भाव, त्यातून भाडं, हमाली, इतर खर्च वजा. ती हातात पडेपर्यंत त्याच्या पुढच्या पेट्याही रवाना झालेल्या असतात. म्हणजे आजच्या काढणीचा निर्णय जुन्या भावावर, आणि तो भावही दुसऱ्याने सांगितलेला.

माहितीच्या या विषमतेला अर्थशास्त्रात पक्की जागा मिळाली ती अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफच्या १९७० सालच्या निबंधाने. त्याआधी १९६७-६८ साली हा गृहस्थ भारतात राहून गेला होता. निबंध मुख्यतः जुन्या मोटारींच्या बाजारावर आहे. गाडी कशी आहे हे विकणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला नाही. म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना सरासरी भाव देतो आणि चांगल्या गाडीचा मालक बाजारातून बाहेर पडतो. त्यातच आपल्याकडच्या तांदळाचंही उदाहरण आहे: दाण्याच्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले आणि गृहिणी ते निवडत बसलेल्या. तीन नियतकालिकांनी परत पाठवलेल्या या निबंधासाठी अकरलॉफला २००१ साली नोबेल मिळालं, स्पेन्स आणि स्टिग्लिट्झ यांच्या जोडीने.

कर्नाटकातून आलेला आंबा ‘देवगड’ छापलेल्या खोक्यात घालून विकला जातो, तेव्हा अकरलॉफचं म्हणणं शब्दशः लागू पडतं. गिऱ्हाईक फसतं, पुढच्या वेळी सगळ्यांकडेच संशयाने बघतं, आणि आढीत पेंढ्यावर सावकाश पिकवणाऱ्याला कार्बाइडवाल्याच्या बरोबरीचा भाव मिळतो. हे सारं समजण्यासारखं आहे. साक्याचं काय करायचं? बाहेरून निर्मळ, सोनेरी फळ, आणि कापलं की आत पांढुरका, आंबट गर. चीमा आणि दाणी या कृषिशास्त्रज्ञांनी १९३४ सालीच त्याची नोंद केली. इथे विकणाऱ्यालाही काही माहीत नसतं! बागायतदार, दलाल, किरकोळ विक्रेता, सगळे सारखेच अंधारात. अकरलॉफच्या मांडणीत निदान एका बाजूला सत्य ठाऊक असतं. हापूसचा व्यवहार त्याहून अवघड आहे, आणि अर्थशास्त्राच्या वर्गात याची चर्चा व्हायला हवी असं मला वाटतं.

उचलीचाही अभ्यास झाला आहे. कर्ज, माल आणि विक्री एकाच माणसाशी बांधलेले असतात तेव्हा व्याज कुठे संपतं आणि कमिशन कुठे सुरू होतं हे सांगता येत नाही, अशी मांडणी प्रणब बर्धन यांच्यासारख्या अर्थतज्ज्ञांनी १९८०च्या सुमारास केली. फवारणीच्या दिवसांत पैसे देणारा दुसरा कोणी नसतो, म्हणून दलाल टिकतो. त्याला शिव्या घालून फवारणी होत नाही.

दुसरी विचारधारा आली इंजिनिअरिंगमधून. जे फॉरेस्टर नावाचा इंजिनिअर १९५६ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या व्यवस्थापन शाखेत गेला. जनरल इलेक्ट्रिकच्या केंटकीतल्या कारखान्यात कामगार कधी कमी पडत, कधी कपात करावी लागे. व्यवस्थापक बाजारातल्या चढउतारांना दोष देत होते. फॉरेस्टरने कागद-पेन्सिलीने आकडेमोड करून दाखवलं की मागणी स्थिर राहिली तरी हे हेलकावे येणारच, कारण ते कारखान्याच्या स्वतःच्या निर्णयांतून आणि त्यांतल्या विलंबातून निघतात. शेतीत हेच थोडं आधी ओळखलं गेलं होतं. जर्मनीत हानाऊने १९२८ साली डुकरांच्या भावांचं चक्र मांडलं, अमेरिकेत इझिकेलने १९३८ साली त्याचा सिद्धान्त नीट बसवला: यंदा भाव चढा म्हणून सगळे उत्पादन वाढवतात, ते बाजारात येईपर्यंत भाव पडलेला असतो.

डुकराचं चक्र दोन-चार वर्षांचं, आंब्याचं त्याहून कितीतरी लांब. १९९०-९१ साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली. शंभर टक्के अनुदान होतं. कातळात सुरुंग लावून खड्डे घेतले, माती आणून भरली, कलमं लावली. धरतं उत्पन्न यायला सहा-आठ वर्षं. तेव्हाचा भाव लागवडीच्या वेळी कोण सांगणार? त्याच सुमारास दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या संशोधनातून पॅक्लोब्युट्राझोल, म्हणजे आपलं कल्टार, बागांत आलं. पावसाळ्यात बुंध्याभोवती मात्रा द्यायची, पालवी आवरते, मोहोर लवकर आणि दरवर्षी येतो. हापूसच्या एक वर्षाआड धरण्यावर हा खरा उपाय होता. मार्चच्या चढ्या भावाची पेटी एकाने पाठवली तर चांदी. सगळ्यांनी पाठवायची ठरवली की मार्चचा भाव उतरतो, आणि लवकरच्या मोहोराला थंडी-उन्हाचे झटके, तुडतुडे, फुलकिडे आणि वाढत्या फवारण्या सोसाव्या लागतात त्या वेगळ्याच. मेअखेरचा माल कॅनिंगला किलोवर जातो. तिथेही भाव आयत्या वेळी कळतो.

धंद्यातल्या डावपेचांच्या, म्हणजे स्ट्रॅटेजीच्या, शास्त्राबद्दल थोडक्यात सांगतो. मायकेल पोर्टरने १९७९ साली पुरवठादार, गिऱ्हाईक, पर्यायी माल, नवे स्पर्धक यांच्या रेट्याची मांडणी केली. तिच्यात हापूस बसवायला पाच मिनिटं पुरतात. नोव्हेंबर-डिसेंबरात वाशीत उतरणारा मलावीचा हापूस हा नवा स्पर्धक, इतकंच. जास्त कामाचा निघाला तो १९९९चा भौगोलिक मानांकनाचा कायदा, म्हणजे एखाद्या भागाचं नाव तिथल्याच मालाला लावू देणारा. देवगडचं नाव वेगळं की रत्नागिरीचं, यावर बराच वाद होऊन ऑक्टोबर २०१८ मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि लगतच्या रायगड, ठाणे, पालघर भागांतल्या हापूसला एकत्र मानांकन मिळालं. अकरलॉफचा प्रश्न कायद्याने सोडवायचा हा प्रयत्न आहे. खोक्यावर चिकटणारे क्यूआर कोड त्याचंच पुढचं पाऊल.

फॉरेस्टरच्या परंपरेतली डोनेला मेडोज म्हणत असे की अनुदानासारखे आकडे हलवून व्यवस्था फारशी बदलत नाही, माहितीची वाट बदलली तर बदलते. तिचं आवडतं उदाहरण ॲम्स्टरडॅमजवळच्या घरांचं: काहींत विजेचा मीटर तळघरात, काहींत दारातल्या दालनात. दालनवाल्यांची वीज बरीच कमी खर्ची पडे. मीटर येता-जाता दिसत होता, एवढंच कारण.

मानांकन आणि क्यूआर कोड माहिती गिऱ्हाइकाकडे नेतात. बागेकडे येणारी वाट अजून जुनीच होती. ती थोडी उघडली २०१६ साली, फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा झाल्यावर. आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर ऑर्डरी येतात आणि भाव पेटी भरण्याआधीच ठरलेला असतो. मात्र साका निघालेल्या फळाचा फोटोही त्याच गटावर येतो. बदली फळाचा खर्च पूर्वी वाशीच्या भावात कुठेतरी मुरून जाई. आता तो बागायतदाराच्या वहीत वेगळ्या रकान्यात लिहावा लागतो, आणि डझनाचा दर ठरवताना त्याला तो धरावा लागतो.