डिकीवरचा ६३ म्हणजे ६.३ लिटर नव्हे

साताऱ्यात पोवई नाक्यावर एखादी मर्सिडीज-एएमजी सी ६३ थांबली, की कुणीतरी हमखास सांगतं, ‘६३ म्हणजे ६.३ लिटरचं इंजिन!’ हे खरं नाही. कधीच नव्हतं.

पहिल्या सी ६३ चं व्ही ८, म्हणजे आठ सिलिंडरचं, इंजिन ६,२०८ सीसीचं होतं, म्हणजे ६.२ लिटर. ६.३ चा मान १९६८ च्या ३०० एसईएल ६.३ या मर्सिडीजचा, तिचं इंजिन खरोखर ६,३३२ सीसीचं. नंतरच्या सी ६३ ला ४ लिटर आणि दोन टर्बो (इंजिनात जास्त हवा ढकलणारे पंखे) मिळाले. २०२२ मध्ये आलेल्या गाडीत तर फक्त २ लिटर, चार सिलिंडर आणि जोडीला इलेक्ट्रिक मोटर. तरी ताकद ६८० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर)! आकडा तोच, इंजिनं तीन.

स्वभावही वेगळे. टर्बो नसलेलं पहिलं इंजिन पाय दाबताच उत्तर देतं, आवाज भरदार. माझ्या मते खंबाटकीच्या चढाला शोभावं ते तेच. टर्बोवाल्याचा जोर इंजिनाच्या कमी फेऱ्यांतच लागतो. बीएमडब्ल्यूने आपल्या वेगवान एम ५ गाडीच्या नावात लिटर कधी मिरवलेच नाहीत. तिच्या एका पिढीत ५ लिटरचं व्ही १० होतं, मिनिटाला ८,००० फेऱ्यांच्या वर फिरणारं, आणि अंगावर मात्र साधा सूट.