एएलपीएन : ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील प्रोटोकॉलच्या वाटाघाटी

सुरक्षित जोडणी होत असतानाच पुढचे बोलणे कोणत्या प्रोटोकॉलने (संभाषणाच्या ठरलेल्या नियमावलीने) करायचे हे ब्राउझर आणि सर्व्हर यांनी आपसात ठरवून घेण्याची पद्धत. ‘ॲप्लिकेशन-लेयर प्रोटोकॉल निगोशिएशन’ हे तिचे पूर्ण नाव. टीएलएस या सुरक्षा प्रोटोकॉलला जोडलेले हे एक्स्टेन्शन (पुरवणी) असून त्याचे मानक जुलै २०१४ मध्ये आरएफसी ७३०१ म्हणून प्रसिद्ध झाले. आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या मानकांचे क्रमांकित दस्तऐवज.

वेबवर पाने मागवण्या-पाठवण्याच्या एचटीटीपी १.१ या एकाच प्रोटोकॉलचे राज्य होते तोवर अशा विचारणेची गरजच नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये गूगलने एसपीडीवाय हा वेगवान पर्याय जाहीर केला आणि ४४३ या एकाच पोर्टवर (सुरक्षित जोडणीसाठीच्या सर्व्हरच्या क्रमांकित दारावर) दोन प्रोटोकॉल नांदायची वेळ आली. जोडणी झाल्यावर ‘अपग्रेड’ हेडर (विनंतीसोबतची सूचना) पाठवून विचारता आले असते, पण त्यात सर्व्हरपर्यंतची एक पूर्ण फेरी वाया जाते. वेग वाढवण्यासाठीच आणलेल्या प्रोटोकॉलला हे परवडणारे नव्हते. टीएलएसचा हँडशेक (जोडणीच्या सुरुवातीची संदेशांची देवघेव) तर करावाच लागतो, म्हणून विचारणाही त्यातच घालायचे ठरले.

गूगलची पहिली रचना एनपीएन नावाची होती. तिच्यात सर्व्हर यादी दाखवी, ब्राउझर निवड करी आणि ती निवड कूटबद्ध करून कळवी. वाटेत कान लावून बसलेल्याला निवड कळत नसे, हा तिचा मोठा गुण. मात्र टीएलएसमध्ये इतरत्र ब्राउझर पर्याय मांडतो आणि सर्व्हर ठरवतो. एनपीएनने हा क्रम उलटा केला, शिवाय हँडशेकमध्ये एक जादा संदेश आणला. २०१३ मध्ये इंटरनेटची मानके ठरवणाऱ्या आयईटीएफ या संस्थेच्या टीएलएस कार्यगटाने नेहमीचा क्रम पाळणाऱ्या एएलपीएनच्या बाजूने कौल दिला. एनपीएनचे कर्ते ॲडम लँग्ली हे एएलपीएनच्या मानकाच्या चार लेखकांपैकीही एक आहेत. गोपनीयतेची बाजू त्या निर्णयात पडती राहिली, हे मान्य करायला हवे. ऑगस्ट २०१८ च्या टीएलएस १.३ मध्ये सर्व्हरचे उत्तर कूटबद्ध झाले. ब्राउझरची यादी मात्र पहिल्याच संदेशात उघडी जात राहिली.

हा मजकूर किती लहान असतो ते पाहण्यासारखे आहे. ‘एच२’ (म्हणजे एचटीटीपी २) आणि ‘एचटीटीपी/१.१’ ही दोनच नावे पाठवायची असतील, तर सगळे एक्स्टेन्शन १८ बाइटांत बसते : दोन बाइट एक्स्टेन्शनच्या क्रमांकाचे (१६), दोन त्याच्या लांबीचे, दोन यादीच्या लांबीचे आणि उरलेल्या बारांत प्रत्येक नाव, त्याच्याआधी त्याची अक्षरसंख्या. नावांचा क्रम ब्राउझरची पसंती सांगतो. अंतिम निवड सर्व्हरची.

अनोळखी एक्स्टेन्शनकडे सर्व्हरने दुर्लक्ष करावे, हा टीएलएसचा नियम आहे. त्याच्याच भरवशावर ब्राउझरमध्ये अशी नवी सोय घालता येते. प्रत्यक्षात नियम सगळीकडे पाळला जात नाही. एक्स्टेन्शने वाढत गेली तसा पहिला संदेश फुगला आणि त्याची लांबी २५६ ते ५११ बाइटांच्या दरम्यान आली की काही लोड बॅलन्सर (विनंत्या अनेक सर्व्हरांत वाटून देणारी यंत्रे) अडकून पडू लागले. दोष ब्राउझरचा नव्हता, तरी तोडगा ब्राउझरनाच काढावा लागला : निव्वळ शून्ये भरून संदेश ५१२ बाइटांपर्यंत न्यायचा. त्यासाठीचे ‘पॅडिंग’ एक्स्टेन्शन ऑक्टोबर २०१५ मध्ये आरएफसी ७६८५ म्हणून मानक झाले. नवी सोय आणण्याचे खरे कष्ट असे ब्राउझरच्या कोडबाहेर, जगभर पसरलेल्या जुन्या यंत्रांशी जमवून घेण्यात असतात.

जुनी सोय काढतानाही तेच. मे २०१६ मध्ये क्रोमच्या ५१व्या आवृत्तीतून एसपीडीवाय आणि एनपीएन दोन्ही गेले. त्या वेळी उबुंटू १४.०४ ही कार्यप्रणाली असलेल्या सर्व्हरांवर टीएलएस हाताळणारे ओपनएसएसएल १.०.१ हे सॉफ्टवेअर होते, त्याला एनपीएन येत होते, एएलपीएन येत नव्हते. ते १.०.२ मध्ये आले. परिणामी एचटीटीपी २ सुरू करून ठेवलेल्या अनेक साइटी क्रोममध्ये मुकाट्याने १.१ वर उतरल्या. पान उघडत होते, चूक कुठेच दिसत नव्हती. साइट बंद पडत नाही, पण चालवणाऱ्याला पत्ताही लागत नाही. म्हणून ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क टॅबवर ‘प्रोटोकॉल’ हा रकाना उघडून अधूनमधून पाहावे. वाटाघाटींचा निकाल तिथे लिहिलेला असतो.

ब्राउझरच्या यादीची सर्व्हर दखलच घेत नाही, या ढिलाईचा धोका २०२१ मध्ये ‘अल्पाका’ या हल्ल्याने दाखवला. एकच प्रमाणपत्र चालणाऱ्या एफटीपी किंवा मेल सर्व्हरकडे ब्राउझरची एचटीटीपीएस विनंती वळवता येते, आणि सर्व्हर यादीकडे काणाडोळा करून बोलत राहिला तर कुकी चोरीला जाऊ शकते. यादीतले एकही नाव जुळले नाही तर सर्व्हरने जोडणी तोडावी, असे आरएफसी ७३०१ पहिल्यापासून सांगते.

एचटीटीपी ३ ज्या क्विक या नव्या वाहतूक प्रोटोकॉलवर चालतो, तिथे प्रोटोकॉल न ठरवता बोलत राहण्याची सूट उरलेली नाही : प्रोटोकॉल ठरला नाही तर जोडणी होत नाही. पण क्विक यूडीपीवर आणि आधीचे एचटीटीपी टीसीपीवर, म्हणजे डेटा वाहून नेण्याच्या दोन वेगळ्या पद्धतींवर, असल्याने टीसीपीवर झालेल्या वाटाघाटींतून तिकडे उडी मारता येत नाही. सर्व्हर क्विक बोलतो हे ब्राउझरला आधी कळावे लागते. ते ‘ऑल्ट-एसव्हीसी’ हेडरने कळते, किंवा नोव्हेंबर २०२३ मध्ये मानक झालेल्या डीएनएसच्या (साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेच्या) ‘एचटीटीपीएस’ नोंदीतून. या नोंदीत एएलपीएनची नावे जोडणीच्याही आधी ब्राउझरच्या हाती पडतात.