कुडाळचं प्लेस्टेशन, डोंबिवलीचा एक्सबॉक्स

कुडाळातल्या घरात सोनीचं प्लेस्टेशन ५, डोंबिवलीच्या चुलतभावाकडे मायक्रोसॉफ्टचा एक्सबॉक्स (दोन्ही टीव्हीला जोडून खेळायची यंत्रं, म्हणजे कन्सोल), आणि रात्री जेवणं आटपली की दोघं एकाच संघातून ‘रॉकेट लीग’ हा मोटारींच्या फुटबॉलचा खेळ खेळतात. गणपतीला चाकरमानी गावी आला की कुणाचं मशीन भारी यावरून दोघांची जुंपते, ते वेगळं. पण २०१८ उजाडलं तरी अशी जोडी जमणं शक्य नव्हतं. सोनीचा गडी सोनीच्या आवारात खेळायचा, मायक्रोसॉफ्टचा मायक्रोसॉफ्टच्या. मधे कुंपण होतं.

हे कुंपण यंत्रांच्या वेगळेपणामुळे असेल असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात २०१३ साली आलेले प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन आतून बरेचसे सख्खे भाऊ. दोघांत एएमडी कंपनीची चिप, तीही एकाच ‘जॅग्वार’ कुळातली, आठ कोअरची. इंटरनेटवरून जाणाऱ्या डेटाच्या पुडक्यांना आपण कुठल्या कंपनीच्या डब्यातून निघालो याचं सोयरसुतक नसतं. सप्टेंबर २०१७ मध्ये याचा पुरावाच मिळाला. ‘फोर्टनाइट’ या खेळाच्या सर्व्हरची (सामने चालवणाऱ्या मध्यवर्ती संगणकांची) मांडणी चुकली आणि काही काळ प्लेस्टेशनवाले व एक्सबॉक्सवाले एकाच सामन्यात जाऊन पडले. खेळ व्यवस्थित चालला! तो खेळ बनवणाऱ्या एपिक कंपनीने ‘चूक झाली’ म्हणत दार पुन्हा लावून घेतलं.

जुन्या काळात कन्सोलवरून ऑनलाइन खेळणं हा हौशी लोकांचा नाद होता. सेगाच्या ‘ड्रीमकास्ट’मध्ये १९९८ सालीच मोडेम बसवलेला होता. २००१ च्या एक्सबॉक्समध्ये इंटरनेटच्या वायरसाठी इथरनेटची खाच आली, २००२ च्या नोव्हेंबरात ‘एक्सबॉक्स लाइव्ह’ ही ऑनलाइन खेळण्याची सेवा सुरू झाली आणि २००४ च्या ‘हेलो २’ या खेळाने लोकांना त्याची खरी चटक लावली. वेगवेगळी यंत्रं एकत्र खेळवण्याचा प्रयोगही तेव्हाचाच: ‘फायनल फँटसी ११’मध्ये प्लेस्टेशन २, संगणक आणि पुढे एक्सबॉक्स ३६० वरचे खेळाडू एकाच जगात वावरायचे. म्हणजे जमत होतंच. अडत होतं ते धंद्यात. सोनीने २६ सप्टेंबर २०१८ ला ‘फोर्टनाइट’पुरतं दार किलकिलं केलं, जानेवारी २०१९ मध्ये ‘रॉकेट लीग’ला परवानगी दिली. २०२१ मध्ये एपिक आणि अ‍ॅपलचा खटला अमेरिकेतल्या कोर्टात उभा राहिला, तेव्हा कागदपत्रांतून आतली गोष्टही बाहेर आली: माणूस खेळतो प्लेस्टेशनवर पण पैसे दुसरीकडे खर्चतो, असं ठरावीक प्रमाणाबाहेर झालं तर सोनी खेळाच्या कंपनीकडून भरपाई घेत असे. सगळ्यात मोठा गल्ला ज्याच्याकडे, त्याला कुंपण हवंच असतं.

मला यातला गणिताचा भाग जास्त रंजक वाटतो, आणि आपल्याकडच्या खेळाडूचा त्याच्याशी थेट संबंध आहे.

एसटी स्टँडबाहेर उभी असलेली सिक्स सीटर सीटा भरल्याशिवाय हलत नाही. ऑनलाइन सामन्याचंही तसंच. सामना जमवणारा प्रोग्रॅम सर्व्हरवर बसून वाट बघत असतो. समजा, रात्री साडेबारानंतरच्या पाच मिनिटांत मुंबईच्या सर्व्हरजवळच्या ६०० जणांनी ‘खेळा’चं बटण दाबलं. तीन प्रकारच्या यंत्रांत ते सारखे वाटले गेले, प्रत्येकी २००. खेळाचे चार प्रकार, म्हणजे उरले ५०. त्यात कौशल्याच्या दहा पायऱ्या, कारण नवशिक्याला मुरलेल्या गड्यासमोर उभं केलं तर तो दुसऱ्या दिवशी फिरकणार नाही. हाती राहिले पाच. आणि तीन विरुद्ध तीनच्या सामन्याला लागतात सहा! आता कुंपण काढा. त्याच पायरीवर पाचाचे पंधरा होतात, दोन सामने लगेच सुटतात आणि उरलेल्या तिघांना थोडं थांबावं लागतं. खेळणारे तितकेच, वेळ तीच, फक्त भागाकार एकदा कमी झाला.

अमेरिकेत किंवा जपानात कन्सोल घरोघरी, तिथे कुंपण असलं तरी रांग भरते. आपल्याकडे बहुतेकांचा खेळ मोबाइलवर, कन्सोल मोजक्या घरांत. त्यामुळे कुंपणाची खरी झळ आपल्यासारख्यांना लागायची. कशी, ते बघू. सहावा गडी मिळाला नाही की प्रोग्रॅमसमोर दोन वाटा राहतात: कौशल्याची अट सैल करायची, नाहीतर लांबचे खेळाडू घ्यायचे, म्हणजे सामना सिंगापूरच्या सर्व्हरवर न्यायचा. तिथे गाठ पडते भौतिकशास्त्राशी.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. मुंबई ते सिंगापूर सरळ रेषेत साधारण ३,९०० किलोमीटर, जाऊन-येऊन ७,८००. म्हणजे ३९ मिलिसेकंद निव्वळ प्रवासात जातात, आणि समुद्राखालची केबल काही सरळ रेषेत टाकलेली नसते. कुडाळ ते मुंबई ५०० किलोमीटर धरले तरी हाच जाण्यायेण्याचा वेळ फक्त ५ मिलिसेकंद. या जाण्यायेण्याच्या वेळेलाच पोरं ‘पिंग’ म्हणतात. दोन वैरी कंपन्यांनी दार उघडल्यावर कोकणातल्या खेळाडूचा पिंग उतरू शकतो, तो असा: सहावा गडी मुंबईतच सापडतो, सिंगापूरला जावं लागत नाही.

तरीही उशीर शून्य होत नाही, म्हणून खेळ बनवणारे तो लपवतात. ही लपवाछपवी फार हुशारीची आहे. १९९६ च्या ‘क्वेकवर्ल्ड’पासून तुमचं मशीन सर्व्हरच्या उत्तरासाठी न थांबता तुमचं पात्र लगेच हलवतं आणि उत्तर आलं की चुकलेली जागा सुधारून घेतं. मारामारीच्या खेळांत याहून पुढची युक्ती असते. खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतो, एका चित्राला १६.७ मिलिसेकंद मिळतात. समोरच्याचं बटण अजून पोचलेलं नाही, तर खेळ गृहीत धरतो की मघाशी दाबलं होतं तेच त्याने अजून दाबून धरलंय. बहुतेक वेळा हे खरं निघतं, कारण कुणी सेकंदाला साठ वेळा बटणं बदलत नाही. अंदाज चुकला तर खेळ दोन-चार चित्रं मागे जातो, खऱ्या बटणानिशी तो तुकडा पुन्हा हिशोबात घेतो आणि पुढच्या चित्रापर्यंत पूर्ववत होतो. तुम्हाला फक्त समोरचा गडी किंचित उडी मारल्यासारखा दिसतो. प्रोग्रॅमर टोनी कॅनन यांनी २००६ मध्ये ‘जीजीपीओ’ नावाने ही युक्ती वापरात आणली.

वेगळी यंत्रं जोडताना इथे एक खोच असते. दोन्ही मशीननी तेच गणित करून अगदी तेच उत्तर काढलं पाहिजे. दशांश चिन्हानंतरच्या कुठल्याशा घरात फरक पडला, तर काही सेकंदांत एकाच्या पडद्यावर गडी जिवंत आणि दुसऱ्याच्या पडद्यावर आडवा. शिवाय सगळ्यांकडे खेळाची एकच आवृत्ती हवी, म्हणजे नवा अपडेट दोन्ही कंपन्यांनी तपासून वेळेत सोडायला हवा. संगणकावर माउस घेऊन बसलेल्याचा नेम कंट्रोलरवाल्यापेक्षा चटकन लागतो, हा वाद तर मिटलेलाच नाही. कंट्रोलरला नेमासाठी खेळाची थोडी मदत मिळते, तिच्यावरून माउसवाले बोंबलतात.

आता कोकणाकडे. कुडाळ ते मुंबई ५ मिलिसेकंद हे कागदावरचं गणित, पण पडद्यावर एकदम २०० दिसतात ते कुठून? बऱ्याचदा घरातूनच. सामना रंगात आलाय, पिंग ३८, ४१, ३९ असा चाललाय, आणि अचानक २१०. हेडफोनमधून डोंबिवलीचा आवाज: “मेल्या, खंय गेलंस?” माजघरात काकूने आरतीचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकायला घेतलेला असतो. व्हिडिओची हजारो पुडकी राउटरच्या रांगेत पुढे घुसतात आणि खेळाचं चिमुकलं पुडकं त्यांच्यामागे ताटकळतं. इथे महागडा प्लॅन घेऊन फारसं काही साधत नाही. तासभर खेळायला शे-दोनशे एमबीच्या आतबाहेरच डेटा लागतो, अडचण रांगेची असते. नव्या राउटरांत खेळाच्या पुडक्यांना आधी वाट देण्याची सोय बहुधा असते, ती चालू करावी.

दुसरं कारण भिंती. नऊ इंची चिऱ्याच्या भिंतीतून वायफाय आधीच दमतं; त्यात जांभा दगड सच्छिद्र, पावसाळ्यात पाणी पितो, आणि पाणी रेडिओलहरी शोषून घेतं. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान वायफाय अशा दोन भिंतींपलीकडे जवळजवळ निकामी. राउटर पडवीत आणि टीव्ही आतल्या खोलीत, ही आपल्याकडची नेहमीची मांडणी खेळाला सगळ्यात वाईट. गावाबाहेरचा टॉवर फायबरऐवजी मायक्रोवेव्ह डिशने जोडलेला असेल तर आषाढातल्या झडीत तो दुवाही अशक्त होतो, त्याला आपण काही करू शकत नाही. महामार्गाच्या कामात जेसीबीने केबल तोडली तर त्यालाही नाही.

घरातल्या भिंतीवर मात्र उपाय आहे: राउटरपासून कन्सोलपर्यंत सरळ लॅनची वायर. चिऱ्याला भोक पाडत बसायची गरज नसते, कौलांखालच्या वाशावरून ती आरामात नेता येते. कॅट-५ई प्रकारची साधी वायर १०० मीटरपर्यंत गिगाबिटचा वेग देते, दुकानदार महागडी गळ्यात मारू लागला तरी घेऊ नये. माळ्यावर उंदीर असतील तर तेवढी ती प्लास्टिकच्या नळीतून न्यावी.