ब्रेकचा आवाज

माझा चुलतभाऊ गोव्यात डिचोलीला मोटारसायकल पायलट, म्हणजे मोटारसायकलवरून भाडं नेणारा. गेल्या पावसाळ्यात गाडी घसरून त्याच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन होऊन रॉड बसला, एक्स-रे चांगला आला. पण वॉर्डात ट्रॉलीची चाकं करकरली की तो खाटेचा दांडा घट्ट धरायचा. रात्री दिवा मालवू द्यायचा नाही. भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणायचा, "देवानं राखलं रे तुला, आता विसर ते." तो नुसती मान हलवायचा.

विसरणं त्याच्या हातात नव्हतं. जिवावर बेतलं की मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याचा इशारा देतो आणि शरीरात अ‍ॅड्रेनलिन उसळतं. त्या भरात भीती खोल कोरली जाते. प्रसंगाला 'कुठे, कधी' जोडणारा हिप्पोकॅम्पस मात्र तेव्हा नीट काम करत नसावा, असं शास्त्रज्ञ मानतात. म्हणून ती आठवण मागची वाटत नाही. ब्रेकचा आवाज ऐकू येतो, आणि अपघात आत्ताच होतोय असं वाटतं.

पहिल्या काही दिवसांत हे बहुतेकांना थोडंफार होतं आणि बऱ्याच जणांचं आपोआप निवळतं. महिना उलटूनही तोच प्रसंग छळत राहिला, त्या रस्त्यानं जाणं टाळलं जाऊ लागलं, रोजचं जगणं अडू लागलं, तर तो पीटीएसडी, म्हणजे जबर धक्क्यानंतर मागे राहणारा मानसिक ताणाचा आजार असू शकतो. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा आजार 1980 साली आला. जखम किती मोठी यावरून त्याचा अंदाज बांधता येत नाही. खरचटण्यावर निभावलेला माणूसही महिनोन्‌महिने दचकत राहतो. त्या क्षणी मरणाची भीती किती वाटली, आधी काही सोसलंय का, नंतर पाठीशी कोण उभं राहिलं, याला जास्त वजन आहे. पायलटाचा पाय गेला की रोजची कमाईही जाते, तोही घोर असतोच.

वेदना आणि भीती एकमेकींना पोसतात. झोप नसली की दुखणं जास्त जाणवतं, दुखतं म्हणून माणूस फिजिओथेरपी टाळतो, मग गुडघा आखडतो. म्हातारा रुग्ण अचानक असंबद्ध बोलू लागला तर मात्र ते वेगळं, डिलिरियम म्हणजे आजारपणात अचानक होणारा मेंदूचा गोंधळ असू शकतं. नर्सला लगेच सांगावं.

"सांग, नेमकं काय झालं?" म्हणून खोदू नका. अपघातानंतर लगेच एकदाच बसवून सगळं बोलायला लावल्यानं पीटीएसडी टळत नाही, काहींचा त्रास उलट वाढतो, असं अभ्यासांत दिसलंय. शेजारी बसा, तो बोलला तर ऐका, झोप लागते का ते विचारा. त्रास महिन्यापुढे गेला तर त्याच प्रसंगावर काम करणारी मानसोपचार पद्धत गुण देते. गोव्यात बांबोळीला सरकारी मनोविकार संस्था आहे. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर रात्रंदिवस चालू असतो.

भावाला झोपेबद्दल पहिल्यांदा विचारलं ते फिजिओथेरपिस्टनं, पाचव्या आठवड्यात. मग समुपदेशन सुरू झालं. आधी अंगणात उभ्या गाडीवर नुसतं बसायचं, इंजिन बंद. परवा त्यानं चावी फिरवली.