लाल तळ आणि पोलादी काडी: डिझायनर हील्सच्या वादांची पार्श्वभूमी

डिझायनर हील्सचा नवा जोड आला की मतांचे दोन तट ठरलेले. एक तट वरच्या बाजूबद्दल बोलतो: रंग, पट्ट्यांची गुंफण, खडे, टाचेचा आकार. दुसरा पायाबद्दल बोलतो: चवडा जळतो, घोटा मुरगळतो, अर्ध्या तासात खुर्ची शोधावी लागते. गंमत अशी की दोघांच्याही बोलण्याचं मूळ ज्या भागात आहे तो कुणालाच दिसत नाही. सुखतळा आणि तळ यांच्यामध्ये दडलेली पोलादी पट्टी, म्हणजे शँक, आणि टाचेच्या पोटातली पोलादी काडी. 1930 च्या दशकापासून नजर खिळवणारी जी डिझाइनं आली, त्यातली बरीचशी या दोन तुकड्यांत काहीतरी बदललं म्हणून आली. न्यायालयात भांडण गाजलं ते मात्र रंगावरून.

जुना इतिहास थोडक्यात. रिकिबीत पाय अडकून राहावा म्हणून इराणी घोडेस्वार टाचेचे जोडे घालत. सोळाव्या शतकाच्या अखेरीस ही टाच युरोपात रुजली, तीही आधी पुरुषांच्या पायात. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईच्या 1701 च्या व्यक्तिचित्रात लाल टाचा स्पष्ट दिसतात. व्हेनिसच्या चोपिनचा, म्हणजे उंच तळाच्या जोड्यांचा, दाखला नेहमी दिला जातो, काही तर अर्धा मीटर उंच होत्या, पण त्यात आख्खा तळच उचललेला असे. तो प्लॅटफॉर्मचा पूर्वज, हीलचा नव्हे. फ्रेंच क्रांतीनंतर फॅशन सपाट झाली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात टाच परतली. तोवर टाच म्हणजे लाकूड, आणि लाकूड म्हणजे जाडी, हे समीकरण पक्कं होतं.

आजच्या डिझायनर सँडलची खरी सुरुवात टंचाईतून झाली. 1935 मध्ये इटलीने इथिओपियावर हल्ला केला, इटलीवर आर्थिक निर्बंध आले आणि शँकसाठी चांगलं पोलाद मिळेनासं झालं. हलक्या पोलादाच्या पट्ट्या कमानीखाली मोडायला लागल्या. फ्लॉरेन्समधल्या एका कारागिराने यावर उपाय काढला: कमानीखालची पोकळीच कॉर्कने भरून टाकली. पोकळी नाही म्हणजे वजन तोलून धरणाऱ्या पट्टीची गरजही नाही. हाच वेज. 1938 चं त्याचं सप्तरंगी प्लॅटफॉर्म सँडल आजही छायाचित्रांत फिरतं. कॉर्कचे थर एकेका रंगाच्या स्वेडने मढवलेले, वर सोनेरी पट्टे. लोक रंग बघतात. पण तो जोड उभा राहिला तो कॉर्क हलका आणि दाबाला पुरेसा चिवट असल्यामुळे. 1947 मध्ये त्याच कारखान्यातून पारदर्शक नायलॉनच्या दोऱ्यांचं ‘अदृश्य’ सँडल निघालं. त्याला बक्षीस मिळालं, विक्री जेमतेमच झाली.

मग आला स्टिलेटो, म्हणजे सुईसारखी बारीक टाच, आणि त्याबरोबर पहिला न सुटलेला वाद: तो कुणाचा? पॅरिस आणि इटलीतल्या निदान तीन नामवंतांकडे याचं श्रेय जातं. प्रत्येकाचे चाहते आपापलं छायाचित्र आणि साल पुढे करतात. आमच्या मते हा वाद फारसा कामाचा नाही. बारीक टाच काढून दाखवणं कुणालाही जमत होतं, टिकवणं जमत नव्हतं. लाकडी टाच एका मर्यादेपलीकडे बारीक केली की रेषेवरून चिरते. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला लाकडात धातूची काडी घालून पाहिली गेली. दशकाच्या मध्यावर पोलादी काडीभोवती साच्यात प्लास्टिक ओतायला लागले आणि प्रश्न मिटला. तेव्हा शोध कुणाचा म्हणायचाच तर टाचा ओतणाऱ्या कारखान्यांचा. त्यांची नावं कुठल्याही प्रदर्शनाच्या पाटीवर नसतात.

या बारकाईची किंमत फरशांनी मोजली. हिशेब साधा आहे. टाचेच्या टोकाची बाजू 8 मिलीमीटर धरली तर क्षेत्रफळ होतं 0.64 चौरस सेंटीमीटर. 60 किलोची व्यक्ती चालताना क्षणभर सगळा भार एका टाचेवर देते, म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला 90 किलोहून जास्त. सुरुवातीच्या काळात टोकाला धातूची टोपी असे. लिनोलियमवर आणि लाकडी फरशीवर तिचे खड्डे पडले आणि अनेक इमारतींत स्टिलेटोला मज्जाव झाला. आता टोकाला पॉलियुरेथेनची हील टिप असते आणि तिची खीळ टाचेतल्या भोकात ठोकलेली असते. ही टिप झिजून प्लास्टिक जमिनीला लागेपर्यंत थांबलं की टाचेची कड फाटते, खिळीचं भोक सैल होतं, आणि नवी टिप दोन दिवसांत गळून पडते. ‘एवढा महागडा जोड आणि टिप टिकत नाही’ या तक्रारीचं मूळ बहुतेकदा या उशिरात असतं, जोडात नव्हे.

शँकची गोष्ट याहून नाजूक. ही पट्टी टाचेच्या बैठकीपासून चवड्याच्या थोडं मागेपर्यंत पोचावी लागते. आखूड पडली तर जोड कमानीत लवतो आणि टाच दर पावलाला मागे-पुढे डुलते. लांब झाली तर चवडा जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही. तपासायचं असेल तर जोड सपाट टेबलावर ठेवून टाचेच्या बैठकीवर अंगठ्याने दाबावं. टिपेचं बूड सगळीकडून टेकलेलं राहिलं पाहिजे आणि कमान हलता कामा नये. ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, जोड बेतला तो एकाच उंचीसाठी बनलेला असतो. म्हणूनच ‘टाच थोडी कापून घ्या’ हा सल्ला धोक्याचा. पाच-सहा मिलीमीटरपर्यंत निभावतं, त्यापुढे पंजा वर उचलला जातो आणि टाचेचं बूड तिरकं बसतं.

सँडलमध्ये तर लपवायला जागाच नसते. बंद बुटात मागची ताठ वाटी पायाला धरून ठेवते, सँडलमध्ये ते काम दोन-तीन पट्ट्यांवर येतं. उंची वाढली की पाय पुढे घसरतो. ही घसरण थांबवतो तो घोट्याचा पट्टा, बोटांवरचा नव्हे. बोटांवरच्या पट्ट्याची जागा तीन-चार मिलीमीटर चुकली तरी करंगळी बाहेर पडते. चांगल्या कामात कातडं आणि अस्तर यांच्यामध्ये न ताणणारी नायलॉनची फीत घालतात. ती नसेल तर नाजूक पट्टा दोन-चार संध्याकाळींत ढिला होतो, बकल एक भोक पुढे जातं, आणि शेवटी पट्टा तळात जिथे शिरतो तिथली शिवण उसवते. पारदर्शक विनाइलचे पट्टे फोटोत सुरेख दिसतात. पायात ते घामाने धुरकट होतात, कडा त्वचेला काचतात आणि काही काळाने पिवळे पडतात. हा दोष कुठल्या एका घराण्याचा नसून मालाचाच आहे.

1990 च्या दशकात चित्र पालटलं. टीव्ही मालिका, रेड कार्पेट आणि मासिकं यांनी डिझायनरचं नाव जोडापेक्षा मोठं केलं, आणि नाव दिसेल कुठून, हा प्रश्न उभा राहिला. पॅरिसच्या एका डिझायनरने याच दशकाच्या सुरुवातीला त्याला अजब उत्तर दिलं. नमुन्याचा जोड फिका वाटला म्हणून त्याने सहायिकेची लाल नखपॉलिश तळाला फासली. पुढे तो तळच सही बनला. 2008 मध्ये अमेरिकेत त्याची व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी झाली.

2011 मध्ये पॅरिसच्याच एका जुन्या फॅशन घराण्याने आपादमस्तक एकाच रंगाचे जोड आणले: जांभळे, हिरवे, पिवळे आणि लाल. लाल जोडाचा तळ अर्थातच लाल. लाल तळाच्या डिझायनरने न्यूयॉर्कमध्ये खटला भरला. प्रतिवादींनी थेट चौदाव्या लुईच्या टाचांचा दाखला दिला. ऑगस्ट 2011 मध्ये खालच्या न्यायालयाने मनाई हुकूम नाकारला. फॅशनमध्ये रंग हे कामाचं साधन आहे, त्यावर एकाची मक्तेदारी देता येणार नाही, असा त्याचा सूर होता. पिकासोने मोनेवर निळ्या रंगावरून दावा लावला तर काय, असा प्रश्नही न्यायाधीशांनी निकालपत्रात विचारला.

5 सप्टेंबर 2012 ला अपील न्यायालयाने हे अर्धं फिरवलं. 1995 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ड्रायक्लीनिंगच्या इस्त्रीखालच्या गाद्यांच्या हिरवट-सोनेरी रंगाला चिन्ह म्हणून मान्यता दिली होती. गादीला जे मिळतं ते बुटाला का नाही, हा मुद्दा मान्य झाला. फक्त एक अट आली: लाल तळ वरच्या भागापेक्षा वेगळ्या रंगात उठून दिसत असेल तरच संरक्षण. पूर्ण लाल जोड त्यातून वगळला गेला. दोन्ही पक्षांनी आपण जिंकल्याचं जाहीर केलं, आणि त्यात कुणीच खोटं बोलत नव्हतं.

तिढा तिथेच सुटला नाही. स्वित्झर्लंडमध्ये 2017 साली लाल तळ ही केवळ सजावट ठरली आणि नोंदणी नाकारली गेली. युरोपीय संघाच्या न्यायालयाने 12 जून 2018 ला उलट कौल दिला: तळाच्या जागी लावलेला रंग म्हणजे फक्त ‘आकार’ नव्हे, त्यामुळे आकाराच्या चिन्हांवरची बंदी त्याला लागू होत नाही. 2022 मध्ये टोकियोच्या न्यायालयाने स्थानिक उत्पादकाविरुद्धचा दावा फेटाळला. तिथे तळ रबरी होते, मूळचे लाखेसारखे चकचकीत चामड्याचे, आणि अशा महागड्या वस्तू घेणारं गिऱ्हाईक नाव वाचून घेतं, असं मानलं गेलं. एकच रंग, एकच जागा, आणि निकाल सीमेगणिक वेगळे. अमेरिकेचा निकाल आम्हाला त्यातल्या त्यात बरा वाटतो, कारण त्याने निदान हद्द आखून दिली. युरोपच्या निकालाने प्रश्न शब्दांच्या व्याख्येवर सोडवला आणि खरा मुद्दा, म्हणजे इतर डिझायनरांनी लाल रंग वापरायचा कुठे, बाजूलाच राहिला.

या सगळ्यात एक व्यावहारिक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही. तळावरचा हा चकचकीत लाल थर, म्हणजे लाखी, थोड्याच चालण्यात खरवडला जातो. खडबडीत जमिनीवर पहिल्याच दिवशी चवड्याखालचा रंग उडतो. शिवाय चकचकीत तळ गुळगुळीत फरशीवर घसरतो. म्हणून तळाला पातळ रबरी पत्रा चिकटवून घेतात. पत्रा एक ते दीड मिलीमीटरचाच हवा. त्याहून जाड लावला तर पुढची बाजू उचलली जाते आणि टाच मागे कलते. चिकटवण्याआधी लाखी पॉलिशपेपरने घासून खरखरीत करावी लागते, नाहीतर सोल्युशन (चिकटवायचा द्रव) चामड्याला न धरता लाखीला धरतं आणि लाखीसकट सोलून निघतं. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावून, हाताला चिकटेनासं होईपर्यंत वाळवून मगच दाबायचं. पत्र्याची मागची कड तासून पातळ केली नाही तर तिथूनच उकलायला सुरुवात होते. आणि पत्रा लाल रंगाचाच लावायचा, की घसरण थांबली तेवढं पुरे, यावर आजही हमरीतुमरी चालते.

खटला उभा राहण्याआधीच उंचीची चढाओढ टोकाला पोचली होती. ऑक्टोबर 2009 मध्ये पॅरिसच्या एका शोमध्ये सुमारे 30 सेंटीमीटर उंचीचे, खवल्यांच्या प्राण्याची आठवण करून देणारे जोड आले. ते घालून चालायला काही मॉडेल्सनी नकार दिला. दुकानांतल्या जोडांनी हीच उंची प्लॅटफॉर्ममध्ये लपवली. 14 सेंटीमीटरची टाच आणि चवड्याखाली 3.5 सेंटीमीटरचा थर असेल तर पायाला लागणारा उतार 10.5 चाच. जाहिरातीत मात्र 14 छापलं जातं. पायांच्या डॉक्टरांचा नेहमीचा आकडा असा की 1 इंच टाचेने चवड्यावरचा दाब 22 टक्क्यांनी वाढतो, 2 इंचांनी 57 आणि 3 इंचांनी 76. इथे मोजायचा तो उतार, एकूण उंची नव्हे. दोन जोडांची तुलना करताना सर्वांत जास्त घोळ इथेच होतो.

2015 नंतर चर्चा दुसऱ्याच वाटेला लागली. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सपाट चपला घातलेल्या काही स्त्रियांना लाल गालिच्यावर अडवल्याच्या बातम्या आल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस लंडनमध्ये एका स्वागतिकेला 2 ते 4 इंचांची टाच नाही म्हणून घरी पाठवलं गेलं आणि अशी सक्ती थांबवावी या अर्जावर दीड लाखांच्या आसपास सह्या झाल्या. तिथला कायदा मात्र बदलला नाही. 2017 मध्ये कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताने कामावरची हील्सची सक्ती काढली. फिलिपिन्सने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी 1 इंचाची मर्यादा घातली. 2019 मध्ये जपानमध्ये अशाच सक्तीविरुद्ध मोहीम झाली.

यातल्या आकड्यांत मोजलेली आहे ती फक्त उंची. टाचेचं बूड किती रुंद, हे त्यात कुठेच येत नाही. दोन इंचांची ठोकळ्यासारखी टाच आणि दोन इंचांची सुईसारखी टाच चालताना एक नसतात, हे मोडलेली टाच जोडून देणाऱ्याला सांगावं लागत नाही. कॅलिफोर्नियातल्या कार्मेल गावाने ते 1963 मध्येच ओळखलं होतं. झाडांच्या मुळांनी उचकटलेल्या पदपथांवर कुणी पडलं तर गावावर दावा येऊ नये म्हणून तिथे नियम झाला: टाच 2 इंचांहून उंच असेल आणि तिचं बूड 1 चौरस इंचाहून लहान असेल, तर परवाना लागेल. नियम अजून कागदावर आहे आणि परवाना फुकट मिळतो.