मत्स्यझुंज आणि देहमान

हद्द, घरट्याची जागा, मादी किंवा अन्न यांवरून एकाच जातीच्या माशांत होणाऱ्या झुंजीचा निकाल, कालावधी व तीव्रता यांवर आकारभेदाचा होणारा परिणाम. सहसा मोठा मासा जिंकतो आणि फरक जितका अधिक, तितकी झुंज लवकर मिटते. जिताड्याच्या पिल्लांची आकारानुसार वारंवार प्रतवारी करतात, ती मात्र स्वजातिभक्षण टाळण्यासाठी. तो विषय निराळा.

नॅनाकारा ॲनोमाला या दक्षिण अमेरिकी सिक्लिड माशाचे नर आधी रंग बदलून एकमेकांना कूस दाखवतात, मग शेपटीने पाण्याचे फटके मारतात. पाण्याचा हा दाब प्रतिस्पर्ध्याला पार्श्वरेखेने (अंगाच्या दोन्ही बाजूंवरील, पाण्याची हालचाल टिपणाऱ्या संवेदी अवयवाने) जाणवतो. पुढे चावे, जबड्यात जबडा अडकवून रेटारेटी व शेवटी एकमेकांभोवती गरगर फिरणे येते. वजनात मोठी तफावत असलेल्या जोड्या या शेवटच्या टप्प्यांपर्यंत क्वचितच जातात. एन्क्विस्ट व लायमार या संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलेल्या क्रमिक अंदाजाच्या प्रतिमानाला १९९० मधील या निरीक्षणांचा आधार मिळाला : दर हालचालीगणिक दोघांचाही परस्परांच्या ताकदीचा अंदाज पक्का होत जातो.

हा निष्कर्ष पुढे वादात सापडला. टेलर व एल्वुड या संशोधकांनी २००३ मध्ये दाखवले की, प्रत्येक मासा केवळ स्वतःची दमछाक पाहून माघार घेत असला, तरी आकारभेद व कालावधी यांचे व्यस्त नाते दिसतेच. कारण लहान मासा लवकर थकतो. म्हणून हरणारा व जिंकणारा यांचे आकार वेगवेगळे तपासावे लागतात. परस्पर अंदाज असेल, तर हरणारा मोठा असताना झुंज लांबते आणि जिंकणारा मोठा असताना तेवढ्याच प्रमाणात आखडते. स्व-अंदाजात, म्हणजे मासा केवळ स्वतःची दमछाक पाहत असताना, जिंकणाऱ्याच्या आकाराचा प्रभाव अत्यल्प राहतो. समान आकाराच्या जोड्यांत मोठ्या जोड्या अधिक वेळ झुंजल्या, तर तेही स्व-अंदाजाचे लक्षण. क्रिप्टोलेबियस मार्मोरेटस या किलीफिश गटातील लहान माशामध्ये झुंज वाढवावी की नाही हे परस्पर अंदाजाने, तर वाढल्यावर माघार कधी घ्यावी हे स्व-अंदाजाने ठरत असल्याचे २००८ मध्ये आढळले. दोन्ही यंत्रणा एकाच झुंजीत नांदतात, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

प्रयोगात मुस्कटाच्या टोकापासून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी घेतात. शेपटीचा पर (पंखासारखा पातळ भाग) फाटलेला असू शकतो, म्हणून तो मोजत नाहीत. नुसत्या वजनावर भिस्त ठेवल्यास भरलेले पोट फसवते. आधीच्या हारजितीचा ठसा पुसावा म्हणून मासे काही दिवस एकेकटे ठेवतात आणि अपारदर्शक पडद्याच्या दोन बाजूंना, नव्या टाकीत, एकाच वेळी सोडतात. एक आधीपासून तिथे असल्यास लहान असूनही जिंकू शकतो. पर मिटणे, रंग फिका पडणे व पळ काढणे म्हणजे हार. त्या क्षणी वेळ नोंदवून हरलेल्याला बाहेर काढावे. लपायला जागा नसलेल्या टाकीत विजेता चावतच राहतो. हा पाठलाग झुंजीत धरला, तर कालावधी फुगतो.

निकाल केवळ आकारावर ठरत नाही : टिलापिया झिली या माशाच्या जातीत आकारभेद थोडा असल्यास मोठ्या वृषणांचा नर वरचढ ठरतो.