नुनावुतमध्ये खणायचंय? मग आधी परमिटचं बघा

आर्किऑलॉजी करणारी पोरं विचारत असतात की आर्क्टिकमध्ये फील्डवर्कला काय काय लागतं, तर कॅनडाच्या उत्तरेकडच्या नुनावुत प्रदेशापुरतं सांगतो. आपल्याकडे उत्खननाचं लायसन्स एएसआय (भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण) देते, तिकडे प्रदेश सरकारचं कल्चर अँड हेरिटेज खातं देतं, नियम २००१ चे.

परमिट दोन प्रकारचं. क्लास १ म्हणजे फिरा, मोजा, फोटो काढा, पण कशाला हात लावायचा नाही. खणायचं किंवा वस्तू उचलायची तर क्लास २, आणि तिथे अनुभव दाखवा, पैशांची सोय दाखवा, शिवाय सापडलेलं सामान कुठे ठेवणार ते त्या संस्थेकडून आधीच लेखी आणा. आणि ५० वर्षांपेक्षा जुनं, मालकीची साखळी (कोणाकडून कोणाकडे आलं ते) सिद्ध होत नाही असं काहीही या नियमांत मोडतं, म्हणजे इनुइटांच्या पूर्वजांची, थुले लोकांची, व्हेलच्या हाडांची घरं तर आलीच पण १९६० च्या शिकारी कॅम्पवरचा गंजका डबासुद्धा!

खरी परीक्षा खात्यात होत नाही हं. इनुइट म्हणजे तिथले मूळ रहिवासी; त्यांच्या आणि कॅनडा सरकारच्या १९९३ च्या नुनावुत करारामुळे अर्ज त्यांचा वारसा सांभाळणाऱ्या इनुइट हेरिटेज ट्रस्टकडे जातो, जवळच्या गावाचं मत घेतलं जातं, आणि तिथून हरकत आली की गाडी अडली. पूर्वी बाहेरचे लोक यायचे, खणायचे, खोकी भरून दक्षिणेकडच्या म्युझियममध्ये न्यायचे, गावाला पत्ताही नसायचा, त्यामुळे हे व्हायलाच हवं होतं असं माझं मत. म्हणून फॉर्म भरायच्या आधी गावाशी बोला, टीममध्ये तिथली माणसं घ्या. कामाचा साध्या भाषेतला गोषवारा इनुक्टिटुटमध्ये (इनुइटांच्या भाषेत) करून घ्यायला वेळ जातो, ते काम सगळ्यात आधी काढा. जागा इनुइट मालकीच्या जमिनीवर असेल तर त्या भागातल्या इनुइट असोसिएशनची परवानगी वेगळी, नॅशनल पार्कात असेल तर पार्क्स कॅनडाची.

घाई मात्र खरीच आहे. गोठलेल्या जमिनीत शेकडो वर्षं टिकलेलं चामडं, लाकूड, वॉलरसच्या सुळ्यांचं हस्तिदंत आता जमीन वितळल्यामुळे सडतंय, किनारा ढासळून घरंच्या घरं समुद्रात जातायत, आणि खणण्याजोगा उन्हाळा म्हणजे जेमतेम जुलै-ऑगस्ट, त्यामुळे कागद हिवाळ्यातच हलवायला लागा.

आणि हो, काम झाल्यावर रिपोर्ट आणि वस्तूंची यादी द्यावीच लागते, ती थकवली तर पुढचं परमिट अडू शकतं.